पुंजाजीच्या गोठ्यातली भाडेकरीण

राजापेठेत पुंजाजीचं घर होतं आणि घरामागं गोठा होता. म्हैस होती तोवर गोठ्याला सगळे गोठाच म्हणत. मग त्याच्या बायकोचे, दुर्गाबाईचे, गुडघे धरले, तिला बसून धार काढणं जमेना, म्हणून म्हैस विकली. रिकाम्या गोठ्याकडं पाहून पुंजाजीला चैन पडेना. सारी उमर जिनिंगमध्ये कापूस तोलण्यात गेलेला माणूस. कुठलीही जागा रिकामी दिसली की त्याच्या पोटात दुखे. त्यानं गोठ्याला चुना मारला, छपरावरचे फुटके कवेलू बदलले, एक दार बसवलं आणि त्याला 'खोली' म्हणायला सुरुवात केली. गव्हाण तेवढी तशीच ठेवली, कारण ती फोडायला गवंडी लागला असता. नगरपालिकेला काही कळवलं नाही. तिथं गोठ्याची नोंद होती, गोठ्यावर पट्टी नावापुरती होती, आणि नगरपालिकेला उगाच कशाला तसदी द्यायची, असा पुंजाजीचा विचार होता.

त्याच सुमारास सुंदराबाई नर्स राजापेठेत जागा शोधत फिरत होती. तिचं गाव दर्यापूरकडचं. छप्पन साली घरच्यांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला, त्यानंतर ती नर्सिंग शिकली आणि नोकरी लागून अमरावतीला आली. घरमालक तिला नाव विचारत, मग गाव विचारत, मग आडनाव विचारत, आणि मग सांगत की खोली होती खरी, पण आमचा भाचा येणार आहे. राजापेठेत त्या वर्षी फार भाचे येणार होते.

पुंजाजीच्याही जिभेवर भाचा आलाच होता. तेवढ्यात आतून दुर्गाबाई बोलली, "अजी, नर्स हाये थे. अडल्यानडल्याले कामी येईन."

पुंजाजीनं विचार केला. घरात थोडीच ठेवायची आहे? गोठ्यात तर ठेवायची. आणि गोठ्यात राहायला दुसरं कोण येणार होतं? त्यानं भाडं मात्र घराचं सांगितलं. सुंदराबाई लोखंडी पेटी, खाट आणि स्टोव्ह घेऊन आली. गव्हाणीत तिनं भांडी लावली, म्हशीच्या खुंट्याला छत्री अडकवली, भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर टांगलं. पहिल्या तारखेला भाडं दारात येई. दुर्गाबाई मागच्या दारातून तिच्याशी तासन्‌तास बोले, पण खोलीत पाऊल टाकत नसे, आणि पाणी द्यायचं झालं तर वरून ओती. सुंदराबाईला ते दिसत होतं. ती ओंजळ धरी आणि पाणी पिऊन ड्युटीवर जाई.

असं दीडएक वर्ष नीट चाललं. मग सरकीची ढेप विकणाऱ्या एका शेठला गोदाम हवं झालं. त्यानं गोठा पाहिला आणि दुप्पट भाडं बोलला. पुंजाजीला रात्रभर ढेपेची स्वप्नं पडली. सकाळी तो सुंदराबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"नर्सबाई, खोली खाली करा लागते."

"काहून जी काकाजी? भाडं थकलं काय?"

"भाड्याचं नाही वो. माहा भाचा येऊन राहिला."

"येऊ द्या ना," सुंदराबाई म्हणाली. "मले दुसरी खोली पाहून द्या, मी आजच्या आज जाते."

दुसरी खोली कुठून आणणार? तिला कोणी खोली देत नाही, हे पुंजाजीला चांगलं माहीत होतं. मग त्यानं तिला कंटाळा आणायचं ठरवलं. रोज पहाटे तिच्या दाराशी उभा राहून तो जोरजोरात खोकू लागला. चौथ्या दिवशी सुंदराबाईनं औषधाची बाटली आणून दिली आणि तो समोर बसून दोन चमचे पिईपर्यंत हलली नाही. औषध असं कडू होतं की पुंजाजीचा नसलेला खोकला कायमचा बरा झाला.

अशा वेळी दुर्गाबाईचा भाऊ डोमाजी अकोल्याहून आला. डोमाजी अर्जनवीस होता. अकोल्याच्या कचेरीबाहेर बाभळीखाली बसून तो लोकांचे अर्ज लिहून देई. तो वकील नव्हता, पण वकिलासारखा खाकरत असे, आणि तेवढ्यानं पुष्कळ लोकांचं समाधान होई. जेवण झाल्यावर त्यानं सुपारी कातरता कातरता सारी हकीकत ऐकली.

"भाऊजी," तो म्हणाला, "घरातल्या भाडेकऱ्याले काढाचं तं भाडे कंट्रोलच्या साहेबाची परवानगी लागते. थे लवकर भेटत नाही. पन मले एक सांगा, हे घर हाये काय?"

"मंग काय हाये?"

"गोठा! नगरपालिकेत गोठाच लिव्हलेला हाये ना? कायदा घराले हाये, गोठ्याले नाही. नगरपालिकेत अर्ज द्या, का माह्या गोठ्यात मानूस राहून राहिलं, आरोग्याले धोका हाये. थेच लोक तिले काढतीन. आपलं नावही खराब होत नाही."

पुंजाजी जरा घुटमळला. "पन तिले ठेवली तं म्याच ना?"

"थे अर्जात लिव्हाचं नाही," डोमाजी म्हणाला.

दुर्गाबाई भांडी घासता घासता थांबली. "माह्या भावाले अक्कल जास्त झाली," ती म्हणाली. "कोनाले तरी वाटून दे म्हना." पण तिकडं कोणी लक्ष दिलं नाही. अर्ज गेला, आणि बुधवारी इन्स्पेक्टर जागा पाहायला येतील असा निरोप आला.

डोमाजी मुद्दाम बुधवारपर्यंत राहिला. मंगळवारी त्यानं गोठ्यात डोकावून पाहिलं. आत खाट होती, कॅलेंडर होतं, खिळ्याला पांढरा युनिफॉर्म होता. त्यानं मान हलवली. "भाऊजी, हे तं घरावानी दिसून राहिलं. गोठ्यात एक तरी जनावर पायजे."

म्हणून पुंजाजी कुर्बान दूधवाल्याकडं गेला. कुर्बान आनंदानं म्हैस द्यायला तयार झाला. इतक्या आनंदानं, की एखाद्याला शंका यायला हवी होती.

"घेऊन जा पुंजाजीभाऊ," तो म्हणाला. "बेचारी को आराम मिलेगा. इथं लेकरं लय तरास देतात तिले."

"गाभन दिसते रे."

"हाँ, पन अभी टाइम हाये."

बुधवारी सकाळी सुंदराबाई ड्युटीवर गेल्यावर पुंजाजीनं आपल्याजवळच्या किल्लीनं खोली उघडली. खाट भिंतीला सरकवली, खुंट्यावरची छत्री काढून म्हैस बांधली. गव्हाणीत भांडी होती, म्हणून कडबा खाटेवर टाकला. डोमाजीनं मागं सरून पाहिलं आणि म्हणाला, "आता कसं! गोठा झाला."

सुंदराबाई दुपारी परतली. दारात येऊन थांबली. म्हशीनं तिच्याकडं पाहिलं, तिनं म्हशीकडं पाहिलं.

"काकाजी," ती म्हणाली, "भाचा आला वाट्टे."

पुंजाजी म्हशीच्या आडोशाला सरकला. डोमाजी खाकरून पुढं झाला. "हे पाहा बाई, कायद्यानं हा गोठा हाये. इथं राहाचा पहिला हक्क—"

"थांबा जरा," सुंदराबाई म्हणाली. ती म्हशीकडंच पाहत होती. म्हैस एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती, शेपटी उचलत होती, मधूनच वळून आपल्याच पोटाकडं पाहत होती. "हिले तं कळा सुटल्या!"

"कुर्बान म्हने टाइम हाये," पुंजाजी कसाबसा बोलला.

"थे कुर्बानले सांगून भागत नाही, म्हशीले सांगा लागते." तिनं पदर खोचला आणि ओरडली, "काकी! लवकर या! मानसाचं येते मले, म्हशीचं नाही येत!"

दुर्गाबाई गुडघ्यांसकट धावत आली. त्या घरात तिनं आपल्या म्हशींची कितीतरी बाळंतपणं केली होती. ती सरळ आत शिरली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्या खोलीत येत होती, पण ते त्या वेळी तिच्या ध्यानातही आलं नाही. "पानी तपव," तिनं सुंदराबाईला सांगितलं. "आन् तुमी काय पाहून राहिले? जुनं धोतर आना!" हे नवऱ्याला. जुनं धोतर सापडेना, तेव्हा पुंजाजीनं दोरीवरचं धुतलेलं आणलं. डोमाजी केव्हाच अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला होता.

नेमके तेव्हाच सायकलवरून किसनराव इन्स्पेक्टर आले. खाकी टोपी, बगलेत फाइल. गोठ्याच्या ठेंगण्या चौकटीवर त्यांचं डोकं आपटलं. टोपी सावरत ते म्हणाले, "अर्जदार कोण आहेत? आणि आत एवढा अंधार का आहे? खिडकी कुठं आहे?"

"खिडकी नाही जी," सुंदराबाई म्हणाली. "बरं झालं आले. हा कंदील धरा."

"मी इन्स्पेक्टर आहे."

"असाल ना. जरा खाली धरा."

किसनरावांनी कंदील धरला. दारात माणूस उभा राहिला की भर दुपारीही त्या खोलीत कंदिलाशिवाय हाताला हात दिसत नव्हता. रेडकाचा एक पाय आत दुमडला होता. दुर्गाबाई सांगत होती, सुंदराबाई हात घालून तो सोडवत होती, आणि दोघीजणी म्हशीला बाई, माय, लक्ष्मी असं काय काय म्हणत होत्या. किसनराव दुसरीकडं पाहत उभे होते. "कंदील हालवू नका," असं दोघी त्यांना आळीपाळीनं सांगत होत्या. अखेर एक ओलीचिंब काळी वगार धपकन धोतरावर आली. दुर्गाबाईनं तिचं नाक पुसलं. वगार शिंकली. किसनराव मटकन पेटीवर बसले.

सुंदराबाईनं हात धुऊन स्टोव्हवर चहा ठेवला. किसनरावांनी तो घटाघटा प्यायला, मग फाइल उघडली आणि पेन्सिल काढली.

"पुंजाजी, तुमचा अर्ज आहे की हा गोठा आहे."

"हो जी. पाहा ना, म्हैस हाये."

"म्हैस आहे. पण खाट आहे, स्टोव्ह आहे, मी आत्ता चहा प्यालो. ही बाई कोण आहे?"

"थे राहून राहिली."

"कोणाच्या परवानगीनं?"

पुंजाजीनं डोमाजीकडं पाहिलं. डोमाजी दूर उभा राहून आभाळाकडं पाहत होता.

"भाडं घेता?"

"हो," दुर्गाबाईनंच उत्तर दिलं. "दर महिन्याले घेतात."

किसनराव बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी वाचून दाखवलं. एकाच खोलीत जनावर आणि माणूस ठेवणं नियमाविरुद्ध आहे, तेव्हा जनावर ताबडतोब हलवावं. माणूस राहणार असेल तर खिडकी, मोरी आणि संडास बांधावा आणि घराप्रमाणे पट्टी भरावी. माणूस काढायचा की ठेवायचा, हे नगरपालिका ठरवत नाही, त्यासाठी भाडे नियंत्रण कचेरीत जावं.

"मी उद्याच जाते तिथं," सुंदराबाई म्हणाली.

संध्याकाळी पुंजाजी म्हैस परत करायला निघाला, तर कुर्बानच वाटेत भेटला आणि त्यानं हातच जोडले. "ओली बाळंतीन हाये भाऊ! आत्ता कसी चालवता? चार-पाच रोज तिथंच राहू द्या. मेरी म्हैस को कुछ हुआ तो?" दुर्गाबाईनंही तेच सांगितलं. म्हणजे म्हैस खोलीतच राहणार होती. मग नर्सबाई कुठं झोपणार, हा प्रश्न आला. दुर्गाबाईनं कोणाला न विचारता सुंदराबाईची खाट पुढच्या घरात, आपल्या खाटेशेजारी आणून टाकली. पुंजाजी आणि डोमाजी ओसरीवर गेले. ओसरीवर मच्छर होते. "कायद्यानं," डोमाजी अंधारात म्हणाला, "म्हैस आता पोटभाडेकरू झाली." पुंजाजीनं त्याला गप झोपायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाईनं म्हशीचा चीक गूळ घालून आपल्या पातेल्यात वाफवला आणि ताटलीत वड्या पाडल्या. ताटली तिनं मधे ठेवली, कोणाला आग्रह केला नाही. दुर्गाबाईनं थोडा वेळ ताटलीकडं पाहिलं. मग एक वडी उचलून तोंडात टाकली. "गूळ कमी झाला थोडा," ती म्हणाली आणि दुसरी घेतली. त्या दिवसापासून तिनं पाणी वरून ओतणं सोडलं.

भाडे नियंत्रणाच्या साहेबांपुढं पेशी लागली, तेव्हा म्हैस वगारीसह कुर्बानच्या घरी परतली होती. साहेब पोक्त होते आणि त्यांना दमा होता, त्यामुळं ते थोडकं बोलत. डोमाजीनं पुंजाजीला रात्रभर पढवलं होतं, की काहीही विचारलं तरी 'गोठा' म्हणायचं.

"ही जागा काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"गोठा जी."

"या बाईकडून भाडं घेता?"

"हो जी."

"कशाचं?"

पुंजाजीनं घाम पुसला. "गोठ्याचं जी."

"गोठ्यात कोण राहतं?"

"जनावर जी."

"म्हणजे या बाई जनावर आहेत, असं तुमचं म्हणणं?"

"नाही जी, नाही!" पुंजाजी घाबरून म्हणाला. मागच्या बाकावरून कोणीतरी फस्सकन हसलं. पुंजाजीनं वळून पाहिलं, तर ती दुर्गाबाई होती. शेजारी डोमाजी जोडा शोधत खाली वाकला होता.

साहेब सुंदराबाईकडं वळले. "तुम्हाला माहीत होतं हा गोठा आहे ते?"

"माहीत होतं साहेब. गव्हान दिसतच होती."

"मग राहिलात कशाला?"

सुंदराबाई म्हणाली, "राजापेठेत माहं नाव पुसलं का कोनी घर देत नव्हतं. काकाजीनं गोठा देल्ला. पन साहेब, गोठ्यात राहिली तरी भाडं म्या मानसाचं देल्लं."

कचेरीत कोणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. पुंजाजी खाली पाहत होता. त्याला कोणी काही बोललं नव्हतं, तरी त्याचे कान तापले होते. जिनिंगच्या काट्यावर एकदा त्याचं वजन चुकलं होतं आणि चारचौघांत मुकादमानं परत तोलायला लावलं होतं. तेव्हा असंच झालं होतं.

साहेबांनी हुकूम दिला. ज्याचं माणसाकडून भाडं घेतलं ते घर. भाडेकरणीला परवानगीशिवाय काढता येणार नाही. घर म्हणून जे लागतं ते मालकानं बांधून द्यावं, आणि तोवर भाडं अर्धं घ्यावं.

"साहेब, अर्धं?" पुंजाजी कळवळला.

"लवकर बांधा," साहेब म्हणाले आणि पुढचं प्रकरण पुकारलं.

डोमाजी त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं अकोल्याला गेला. तिकडं त्यानं सांगितलं की केस अवघड होती, पण म्हैस सुखरूप सुटली.

पुंजाजीनं बांधकाम काढलं. अर्ध्या भाड्याच्या धसक्यानं त्यानं गवंड्याच्या मागं असा तगादा लावला की काम चटकन झालं. मोरी झाली, संडास झाला. खिडकी किती मोठी करायची यावर तो आणि सुंदराबाई एक दिवसभर भांडले आणि शेवटी सुंदराबाई म्हणाली तेवढी झाली. गव्हाण फोडायला गवंडी सरसावला, तर तिनं त्याला थांबवलं. भांड्यांना इतकी चांगली जागा शोधून सापडली नसती. पश्चिमेकडून वारा येऊ लागला. पुंजाजी आल्यागेल्याला मागं नेऊन ती खिडकी दाखवू लागला, जणू ती बांधायची कल्पना त्यालाच सुचली होती.

मग चैत्र-वैशाख आला. अमरावतीचं ऊन तापलं. दुर्गाबाईचा स्वयंपाक चुलीवर, आणि तिच्या रांधणीत उजेडासाठी वर एक गवाक्ष, तेही धुरानं काळं झालेलं. एका दुपारी तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "अजी, इथं एक खिडकी काढा ना. मागं काढली तशी."

"मागं नोटीस आलती," पुंजाजी म्हणाला. "इथं कुठं नोटीस आली?"

दुर्गाबाईनं हातातला गोळा परातीत टाकला, हात धुतले, पदराला पुसले आणि मागच्या खोलीत निघून गेली. संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. खिडकीत बसून ती आणि सुंदराबाई वाळवणाचे गहू निवडत होत्या, हे पुंजाजीला अंगणातून दिसत होतं. तो स्वतः चहा करायला गेला आणि दूध उतू घालवलं. भाकरी केली, ती तव्याला चिकटली. कुर्बान दूध द्यायला आला, त्यानं सगळं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी पुंजाजी मागच्या दारापाशी गेला. दार उघडंच होतं, पण आत पाऊल टाकायचा त्याला धीर झाला नाही.

"नर्सबाई," तो बाहेरूनच म्हणाला, "तुमी तरी सांगा तिले. घरी जा म्हना."

"काकाजी, तुमीच बोला," सुंदराबाई म्हणाली. "मी कोनाले घराबाहेर काढत नाही."

दुर्गाबाईनं गव्हातला एक खडा काढून बाहेर टाकला. पुंजाजीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "कोन्या बाजूनं पायजे खिडकी?" त्यानं विचारलं.

"उगवतीकडून," दुर्गाबाई मान वर न करता म्हणाली. "अन् याच्याहून हातभर मोठी."

पुंजाजी तसाच गवंड्याकडं गेला. गवंडी जेवत होता. पुंजाजी त्याच्या ओट्यावर बसून राहिला आणि त्याचं जेवण होईस्तोवर त्याला उन्हाविषयी, विटांच्या भावाविषयी आणि बायकांच्या स्वभावाविषयी सांगत राहिला. दोन दिवसांनी रांधणीची भिंत फुटली. उजेडाचा लोट आत आला, आणि दुर्गाबाई म्हणाली की अरे देवा, केवढं जाळं झालं होतं इथं. ती झाडू शोधू लागली.